महाराणी चिमणाबाई साहेब गायकवाड : राजवैभवातून लोकसेवेकडे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संयोजकांचा मनःपूर्वक ऋणी आहे. मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलोपार्जित कापडाच्या पेढीवर बसलेला मी एक साधा व्यापारी आहे. परंतु पेढीवर बसणाऱ्या माणसाला एक सवय आपोआप लागते. समोर आलेली वही उघडली की तो जमेची बाजूही पाहतो आणि नावेची बाजूही पाहतो, आणि शेवटी शिल्लक काय उरली हे तपासतो. आज ज्या थोर स्त्रीच्या चरित्राकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, त्यांच्या जीवनाची वही मी त्याच सवयीने वाचली आहे. त्या म्हणजे बडोदा संस्थानच्या महाराणी चिमणाबाई साहेब गायकवाड.

हा विषय मी का निवडला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. राणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अहिल्याबाई होळकर येतात, झाशीच्या लक्ष्मीबाई येतात, ताराराणी येतात. या तिघींच्याही हाती राज्याची सूत्रे आली होती. परंतु जिचा पती राज्य करीत आहे, जिच्या हाती स्वतःची अशी कोणतीही सत्ता नाही, जिच्याकडे केवळ एक स्थान आहे, अशा राजपत्नीने समाजासाठी काय केले, याची नोंद इतिहास क्वचितच ठेवतो. आणि विचार केला तर आपल्या घरांतील बहुतेक स्त्रियांची स्थिती याच प्रकारची असते. घरात मान आहे, शब्दाला किंमत आहे, पण सहीचा अधिकार दुसऱ्याकडे आहे. म्हणूनच सिंहासनावर बसलेल्या राणीपेक्षा सिंहासनाशेजारी बसलेल्या राणीचे चरित्र आपल्याला अधिक जवळचे वाटावे, असे माझे नम्र मत आहे.

आणखी एक कारण आहे. या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी कित्येकांचे मूळ गाव पाटण, मेहसाणा, नवसारी किंवा अमरेली या परिसरातील आहे. हा सारा मुलूख स्वातंत्र्यापूर्वी बडोदा संस्थानचा होता. ज्या पाटणच्या ज्ञानभांडारांतील ताडपत्रांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्या पाटणवर गायकवाडांचा अंमल होता. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने सांगायचे तर पाटणचा पटोळा हे त्याच मुलखाचे वस्त्र. महाराजा कुमारपाळांनी पटोळा विणणारी साळवी कुटुंबे जालना परिसरातून पाटणला नेऊन वसविली, अशी परंपरागत कथा आहे. त्या कथेतील धागा महाराष्ट्रातून गुजरातेत गेला, आणि गायकवाडांच्या रूपाने मराठी राजघराणेही पुढे त्याच दिशेने गेले. तेव्हा चिमणाबाई साहेबांची कथा ही मराठी भाषकांची आहे आणि गुजराती भाषकांचीही आहे. या नव्या मुंबईत तर दोन्ही भाषा एकाच जिन्यावर राहतात.

आता थोडी पूर्वपीठिका पाहू. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने पदच्युत केले. त्यांचे दिवंगत बंधू खंडेराव महाराज यांच्या पत्नी जमनाबाई साहेब यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा त्याच वर्षी बडोद्याच्या गादीवर आला. हेच पुढे महाराजा सयाजीराव तिसरे म्हणून विख्यात झाले. शेतकऱ्याच्या घरातील हा मुलगा गादीवर आला तेव्हा त्याचे शिक्षण जवळजवळ आरंभापासूनच करावे लागले. राजा सर टी. माधवराव यांच्यासारखे दिवाण आणि इलियट यांच्यासारखे शिक्षक लाभले. १८८१ साली त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले.

सयाजीरावांचा पहिला विवाह १८८० साली तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. त्यांचे सासरचे नाव चिमणाबाई. दुर्दैवाने क्षयरोगाने १८८५ साली त्यांचे अकाली निधन झाले. बडोद्याला रावपुऱ्यात १८९६ साली बांधलेला जो घड्याळाचा मनोरा आजही 'चिमणाबाई टॉवर' म्हणून ओळखला जातो, तो या पहिल्या महाराणींच्या स्मरणार्थ आहे. दोन्ही महाराणींचे नाव एकच असल्यामुळे पुष्कळदा गफलत होते, म्हणून हा खुलासा केला. डिसेंबर १८८५ मध्ये महाराजांचा दुसरा विवाह देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई यांच्याशी झाला. त्यांनाही चिमणाबाई हेच नाव देण्यात आले. वय जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे. नाव दिवंगत सवतीचे, घर परके, मुलूख परका, आणि भोवती गोषा.

गोषा हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. मराठा सरदार घराण्यांत आणि संस्थानांत स्त्रिया परपुरुषाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून पडद्याआड राहत असत, त्या प्रथेला गोषा म्हणत. गाडीला पडदे, दरबारात जाळीच्या मागे बैठक, प्रवासात कनाती. अशा वातावरणात ही मुलगी राजवाड्यात आली. परंतु महाराजांनी एक गोष्ट केली. स्वतः जसे उशिरा शिकले तसेच पत्नीच्याही शिक्षणाची व्यवस्था केली. विवाहानंतर शिक्षण सुरू होणे ही त्या काळी सामान्य घरांतही दुर्मीळ गोष्ट होती. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकविले, त्याच पिढीतील हे उदाहरण आहे.

१८८७ साली महाराजांनी युरोपचा पहिला प्रवास केला, त्या वेळी महाराणी त्यांच्याबरोबर होत्या. समुद्रपर्यटन हे धर्मबाह्य मानले जाण्याचा तो काळ. पुढे अनेक वेळा त्या युरोपात गेल्या, १९१० साली जपान आणि अमेरिका त्यांनी पाहिली. आपण परदेशी जातो तेव्हा काय पाहतो? उंच इमारती पाहतो, बाजार पाहतो, चार वस्तू खरेदी करून परततो. चिमणाबाई साहेबांनी परदेशात पाहिले ते असे, की तेथील स्त्रिया कोणकोणती कामे करतात, त्यासाठी त्यांना शिक्षण कोठे मिळते, त्यांच्या संस्था कशा चालतात आणि त्यांना पैसा कोठून येतो. व्यापारी माणसाला ही पाहणी विशेष भावते. दुसऱ्याच्या दुकानात गेल्यावर त्याची आरास पाहून दिपून जाण्यापेक्षा त्याची मांडणी, त्याची खरेदी आणि त्याचा हिशेब पाहावा, असे आमच्या धंद्यात जुने लोक सांगत असत.

या निरीक्षणांचे फळ म्हणजे १९११ साली लंडनच्या लाँगमन्स, ग्रीन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ. 'द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ' हे त्याचे नाव, आणि एस. एम. मित्रा हे सहलेखक. स्त्रियांच्या दुःस्थितीवर अश्रू ढाळणारी पुस्तके त्या काळी काही कमी नव्हती. या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की त्यात उपायांची यादी आहे. पाश्चात्य देशांत स्त्रिया कोणत्या व्यवसायांत शिरल्या आहेत, त्यांपैकी कोणते आपल्याकडे आणता येतील, त्यासाठी संस्था कशा उभाराव्यात, परस्परसहकार्य कसे करावे, याचा व्यावहारिक ऊहापोह त्यात आहे. संस्थानातील एका राणीने स्त्रियांच्या उपजीविकेचा प्रश्न हाती घ्यावा, ही गोष्ट शतकापूर्वी किती नवी असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

बडोदा संस्थानातील वातावरण या विचाराला पोषक होते, हेही सांगितले पाहिजे. १८९३ साली अमरेली भागात प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेले सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ साली संपूर्ण राज्यात लागू झाले. ही सक्ती मुलांसाठी होती तशी मुलींसाठीही होती. १९११ साली नामदार गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण देशापुढे होते. १९०४ साली संस्थानात बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. १९०८ साली याच राज्याच्या राजधानीत बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. आपल्यापैकी अनेकांची खाती आज त्या बँकेत आहेत. शिक्षण, कायदा आणि भांडवल या तिन्ही अंगांनी राज्य पुढे जात असताना स्त्रीला त्यात वाटा कसा मिळेल, हा प्रश्न महाराणींनी स्वतःचा मानला.

या प्रश्नाचे त्यांनी दिलेले प्रत्यक्ष उत्तर म्हणजे महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय. १९१४ साली बडोद्यात या संस्थेची स्थापना झाली. गरजू स्त्रियांना शिवण, भरतकाम यांसारखी कामे शिकवावीत आणि त्या कामाचा मोबदला त्यांच्या हाती द्यावा, हा तिचा हेतू. शंभराहून अधिक वर्षे या संस्थेचे नाव बडोदेकरांच्या तोंडी आहे. याच सुमारास महाराणींनी गोषाही सोडला आणि त्या सार्वजनिक समारंभांत महाराजांच्या शेजारी उघडपणे बसू लागल्या. या दोन गोष्टी एकाच काळात घडाव्यात, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. जी स्वतः पडद्याआड आहे तिने इतर स्त्रियांना बाहेर पडून कमवा असे सांगितले, तर तो उपदेश उसना वाटतो. आधी स्वतःचा पडदा दूर करणे आवश्यक होते.

बंधू-भगिनींनो, उद्योगालय या शब्दावर क्षणभर थांबावे असे मला वाटते. आपल्या समाजात दानधर्माची परंपरा मोठी आहे. अन्नदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान हे आपल्या संस्कारांतच आहे. आमच्या कापडाच्या धंद्यातही दिवाळीत गरजू भगिनींना साडी वाटण्याची प्रथा आहे, आणि ती चांगलीच आहे. पण साडी दोन वर्षांत विरते. ज्या स्त्रीला त्याच साडीला फॉल-बिडिंग करता येते, पिको करता येतो, ब्लाऊज बेतता येतो, तिच्या घरी दर महिन्याला चार पैसे येतात आणि ते विरत नाहीत. नव्या मुंबईतील साडीच्या दुकानांचा अर्धा डोलारा अशा घरबसल्या काम करणाऱ्या भगिनींच्या हातांवर उभा आहे, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्या पेढीवरही अशा काही भगिनी काम नेतात. पूर्वी मजुरी न्यायला पुष्कळदा घरातील पुरुष येत असे. गेली काही वर्षे आम्ही मजुरी त्या त्या भगिनीच्या स्वतःच्या बँक खात्यात भरण्याचा नेम ठेवला आहे. रक्कम तीच आहे, पण ज्या दिवशी ती तिच्या नावावर जमा होते त्या दिवसापासून घरातील तिचे बोलणे थोडे वेगळ्या आवाजात होते, असे त्यांपैकी एकीने माझ्या पत्नीला सांगितले. चिमणाबाई साहेबांनी शंभर वर्षांपूर्वी जे ओळखले ते हेच होते.

आता नावेच्या बाजूकडे वळतो. थोर व्यक्तींचे गुणगान करताना त्यांच्या आयुष्यातील अडचणीची पाने चिकटवून टाकण्याची रीत आहे. तसे केले तर आपण त्या व्यक्तीचा पुतळा उभारतो आणि तिच्याकडून शिकण्याचे मात्र राहून जाते.

महाराणींना तीन पुत्र आणि एक कन्या. कन्येचे नाव इंदिराराजे, जन्म १८९२. आईवडिलांनी तिला उत्तम शिक्षण दिले. त्या काळच्या राजकन्यांच्या मानाने ती फार पुढे होती. तिचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरविण्यात आला. शिंदे महाराज वयाने बरेच मोठे होते आणि त्यांचा एक विवाह आधीच झालेला होता. म्हणजे इंदिराराजे तेथे दुसऱ्या राणी म्हणून जाणार होत्या. याच दरम्यान त्यांची ओळख कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी झाली. इंदिराराजेंनी स्वतः पत्र लिहून शिंदे महाराजांना हा विवाह आपल्याला मान्य नसल्याचे कळविले. सारे संस्थानी विश्व हादरले. मातापित्यांचा विरोध तीव्र होता. अखेर १९१३ साली लंडनमध्ये इंदिराराजे आणि जितेंद्र नारायण यांचा विवाह झाला, आणि त्या विवाहाला आईवडील उपस्थित नव्हते.

तारखांकडे पाहावे. स्त्रियांच्या स्थितीवरील ग्रंथ १९११ सालचा. कन्येने ठरलेले लग्न नाकारले तेही १९११ सालीच. एकाच वर्षी आईने भारतीय स्त्रीच्या उन्नतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी तिच्या घरातील भारतीय स्त्रीने त्या उन्नतीचा दाखला आईच्याच पुढ्यात ठेवला. तो आईला पचविता आला नाही.

हे सांगताना माझा हेतू त्या माउलीला कमी लेखण्याचा नाही. संस्थानी घराण्यात विवाह हा दोन राज्यांतील व्यवहार असतो. दिलेला शब्द मोडणे म्हणजे दोन राज्यांच्या प्रतिष्ठेला धक्का. शिवाय त्याच १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहाला केलेल्या मुजऱ्यावरून वादळ उठले होते आणि इंग्रज सरकारची बडोद्यावर करडी नजर होती. आईच्या मनावर केवढा ताण असेल! तरीही प्रश्न उरतोच. मुलीला शिकवायचे, पण शिकलेल्या मुलीने स्वतःच्या आयुष्याविषयी मत दिले की ते ऐकायचे नाही, ही विसंगती केवळ राजवाड्यात होती का? या सभागृहातील कोणत्या घरात ती नाही? आपण मुलींना सी.ए. करतो, डॉक्टर करतो, परदेशी पाठवितो, गुणवंत म्हणून याच व्यासपीठावर त्यांचा सत्कार करतो. नंतर तिने पुढे नोकरी करायची की नाही, कोठे राहायचे, कोणाशी संसार करायचा हे ठरविताना मात्र तिचे मत शेवटी विचारतो. चिमणाबाई साहेबांच्या वहीतील हे पान म्हणून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

त्या कन्येचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगतो. पतीच्या निधनानंतर १९२२ पासून इंदिरादेवींनी आपल्या अल्पवयीन पुत्रासाठी कूचबिहारचा कारभार पाहिला. आम्हा कापडवाल्यांच्या दृष्टीने त्यांची आणखी एक ओळख आहे. साधी, तलम शिफॉनची साडी प्रतिष्ठित समाजात रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. नऊवारीतील आईची मुलगी शिफॉनच्या पाचवारीत आली, या एका वाक्यात पन्नास वर्षांचे स्थित्यंतर सामावले आहे. इंदिरादेवींच्या कन्या म्हणजे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. त्यांनी १९४३ साली जयपूरला मुलींसाठी शाळा स्थापन केली आणि १९६२ साली प्रचंड मताधिक्याने लोकसभेवर निवडून गेल्या. गोषातील आजी, स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी आई आणि संसदेत बसणारी नात. ज्या मुलीला आईने अडविले तिच्याच वंशवेलीतून आईचे स्वप्न पुढे गेले.

महाराणींच्या वाट्याला पुत्रवियोगही आला. सावत्र पुत्र फत्तेसिंहराव १९०८ साली गेले, स्वतःचे पुत्र शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली गेले. सारे ऐन तारुण्यात. धनसंपत्ती, हिरेमोती, राजवाडे यांपैकी काहीही आयुष्याच्या दोरीला एक गाठ अधिक घालू शकत नाही, हे आपल्याला अनित्य भावना शिकविते. असे आघात झाल्यावर एखादी स्त्री देवघराबाहेर पडली नसती तरी तिला कोणी दोष दिला नसता.

पण चिमणाबाई साहेब बाहेर पडल्या. १९२६ साली मद्रासमध्ये राहणाऱ्या मार्गारेट कझिन्स या आयरिश विदुषींनी देशभरातील स्त्रियांना आवाहन केले, की मुलींना कोणत्या प्रकारचे शिक्षण हवे हे स्त्रियांनीच एकत्र येऊन सांगावे. त्यातून जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. ज्या पुण्यात महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, ज्या पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभारले, त्या पुण्यात देशातील निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या धर्मांच्या स्त्रिया एकत्र आल्या. या ऐतिहासिक अधिवेशनाचे अध्यक्षपद महाराणी चिमणाबाई साहेबांनी भूषविले. पुढील वर्षी दिल्लीच्या अधिवेशनाला भोपाळच्या बेगमसाहेबा अध्यक्ष लाभल्या.

परिषदेचा मूळ विषय केवळ शिक्षणाचा होता. परंतु चर्चा सुरू होताच सर्वांच्या ध्यानात आले की मुलगी दहाव्या-बाराव्या वर्षी लग्न होऊन सासरी जाणार असेल, तर शाळेचे वर्ग कोणासाठी भरवायचे? शिक्षणाचा प्रश्न विवाहाच्या वयाच्या प्रश्नाशी बांधलेला आहे, हे स्पष्ट झाले. परिषदेने पुढे बालविवाहाविरुद्ध नेटाने लोकमत तयार केले. १९२९ साली शारदा कायदा संमत झाला आणि मुलीचे विवाहाचे किमान वय चौदा, मुलाचे अठरा असे ठरले. याच परिषदेच्या प्रयत्नांतून १९३२ साली दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज उघडले. ज्या मुलीचे लग्न वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी झाले होते, तीच पुढे बालविवाहाचा बांध फोडणाऱ्या परिषदेची पहिली अध्यक्षा झाली. तिच्या आयुष्याचा हा जमाखर्च विलक्षण आहे.

१९३९ साली महाराजा सयाजीरावांचे मुंबईत निधन झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. देश स्वतंत्र झाला, १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. जे राज्य त्यांनी पाहिले, ज्याच्या त्या महाराणी होत्या, ते त्यांच्या डोळ्यांदेखत इतिहासजमा झाले. १९५८ साली चिमणाबाई साहेबांनी देह ठेवला. राज्य गेले, पदव्या गेल्या, तोफांची सलामी गेली. मागे राहिले ते उद्योगालय, महिला परिषद आणि शाळेत जाणाऱ्या मुली. माणसाची खरी शिल्लक ती हीच.

आपल्या समाजातही अशा स्त्रिया होऊन गेल्या, याचे स्मरण येथे करणे उचित ठरेल. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई अल्प वयात विधवा झाल्या. त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभारून विधवा व निराधार भगिनींना शिक्षण दिले. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी हेच कार्य मोठ्या प्रमाणावर केले. त्यांच्यापाशी राजवाडा नव्हता. म्हणजे या कार्याला राणीच असावे लागते असे नाही. स्वतःला मिळालेले स्थान कशासाठी वापरायचे, हा निर्णय मात्र घ्यावा लागतो.

सज्जनहो, आता समारोपाकडे येतो आणि मुद्द्याचे बोलतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीच्या या बाजूला नवे शहर वसू लागले. आपल्या आधीच्या पिढीने मशीद बंदरच्या आणि मुळजी जेठा मार्केटच्या गजबजाटातून येथे येऊन दुकाने मांडली, घरे केली आणि मूठमूठ गोळा करून ही संस्था उभारली. त्या पुरुषांची नावे आपल्या संगमरवरी फलकावर आहेत. त्या वेळी पाण्याची सोय नसताना, बस तासातासाने येत असताना, ज्या माता-भगिनींनी पाहुण्यांचे, साधुसंतांचे आणि कार्यकर्त्यांचे सारे सांभाळले, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. सभागृहाच्या नूतनीकरणाची सूचना आहे, प्रवेशद्वाराच्या कमानीची सूचना आहे. त्यांना माझा विरोध नाही. परंतु चिमणाबाई साहेबांच्या चरित्राच्या साक्षीने मी तीन सूचना विनम्रपणे मांडतो.

पहिली सूचना अशी की या निधीचा एक निश्चित हिस्सा भगिनींच्या उद्योगासाठी खेळते भांडवल म्हणून वेगळा ठेवावा. ते दान नसावे. शिलाई यंत्र, खाद्यपदार्थांचा व्यवसाय, शिकवणीवर्ग किंवा संगणकावरील काम, यांसाठी बिनव्याजी रक्कम द्यावी आणि ती हप्त्यांनी परत यावी, म्हणजे तीच रक्कम पुढच्या भगिनीला मिळेल. परत येणाऱ्या पैशाने घेणाऱ्याचा मान राहतो आणि देणाऱ्याचा हात थकत नाही.

दुसरी सूचना अशी की विश्वस्त मंडळात भगिनींना स्थान द्यावे. हे स्थान हळदीकुंकवाच्या निमंत्रणापुरते आणि स्वागतगीतापुरते असू नये. धनादेशावर ज्या दोन सह्या लागतात त्यांपैकी एक सही एका भगिनीची असावी. आपल्या घरांतील सुना-मुली बँकांत व लेखापरीक्षणाच्या कार्यालयांत कोट्यवधींचे हिशेब तपासतात. आपल्या संस्थेचा हिशेब तपासायला त्या अपात्र कशा ठरतील?

तिसरी सूचना निधीशी संबंधित नाही आणि सभेत संमतही करता येणार नाही. ती प्रत्येकाने घरी जाऊन स्वतःच्या मनाशी संमत करावयाची आहे. आपण मुलीला शिकविले असेल तर तिचे म्हणणे ऐकण्याची तयारी ठेवावी. अनेकांतवाद हा आपल्या विचारपरंपरेचा गाभा आहे. सत्याला अनेक बाजू असतात आणि समोरच्याच्या दृष्टीतही सत्याचा अंश असतो, असे आपण प्रवचनात ऐकतो. तो समोरचा म्हणजे कधी कधी आपलीच मुलगी असते.

महाराणी चिमणाबाई साहेबांना जे स्थान मिळाले ते जन्माने आणि विवाहाने मिळाले. त्या स्थानाचे त्यांनी जे केले, ते मात्र त्यांचे स्वतःचे होते. आपल्या संस्थेला पन्नास वर्षांनी या शहरात एक स्थान मिळाले आहे. त्याचे काय करायचे, हे ठरविण्याची वेळ आता आपली आहे. सर्वसाधारण सभेत या सूचनांवर मोकळेपणाने चर्चा व्हावी, विरोधाचे मुद्देही पुढे यावेत, आणि त्या चर्चेत भगिनींनी आवर्जून बोलावे, एवढीच प्रार्थना करतो.

माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.